तू धरून चार

शोभाबाईनं यशीच्या वेणीची रिबन सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. या खेपेला जरा जास्तच आवळून.

“आई, दुखायलंय.”

“हलू नको. आन मी काय सांगितलं ते म्हण बघू.”

“आत्याचं नाव घ्यायचं न्हाई. आत्या घरी हाय म्हणून कुणालाच सांगायचं न्हाई.” यशीनं मान वळवून आईकडं पाहिलं. “पण अक्कांनी विचारलं तर?”

गेले दोन दिवस हा एकच प्रश्न त्या दोन खोल्यांत फिरत होता. टीव्हीवरच्या रत्नक्का विचारणारच होत्या. त्यांच्या कार्यक्रमात आलेल्या प्रत्येक पोराला त्या आधी नाव विचारत, मग आज काय जेवलास ते, आणि मग, “मन्याग यार यार अदारव्वा?” घरी कोण कोण आहे गं? रेडिओवर होत्या तेव्हापासून त्यांची ही रीत. गुलबर्ग्यातली पोरं भातुकली खेळतानासुद्धा त्यांच्या आवाजात हेच विचारायची.

“खोटं सांगू?” यशीनं विचारलं.

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या कोंडाबाईचे हात थांबले. यशीची आजी ती. रोज सांजच्याला बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं नातीला बसवून पंचशील म्हणून घ्यायची, आणि नुसतं म्हणून नाही, अर्थ सांगून. खोटं बोलणार नाही, हे आठ वर्षांच्या पोरीनं अगदी मनावर घेतलं होतं. कोंडाबाई मान खाली घालून पुन्हा वाती वळायला लागली.

“खोटं न्हाई बोलायचं. गप बसायचं,” शोभाबाई म्हणाली.

“अक्का गप बसू देत न्हाईत.”

तेही खरंच होतं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या दाराआड विमल होती, शोभाबाईची नणंद. नवऱ्याची, पिराजीची पाठची बहीण. दोन महिन्यांपूर्वी एका पहाटे ती हुमनाबादहून लॉरीत बसून आली, अंगावरच्या लुगड्यानिशी. डाव्या हातावर उलथन्याचा डाग होता, कोपरापासून मनगटापर्यंत. तिचा नवरा बळीराम. हमरस्त्यावर धाबा, दोन लॉऱ्या, मोठमोठ्या माणसांची ऊठबस. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं तर कुणापुढं, हा प्रश्नच होता.

तो दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्या खेपेला दोन माणसं घेऊन आला, बाजेवर ऐसपैस बसला, चहा प्याला. विमल तेव्हा न्हाणीत पाण्याच्या पिंपामागं उकिडवी बसली होती. जाताना तो पिराजीला हसत म्हणाला, “अण्णा, सापडली तर सांगा. या खेपेला पाय मोडूनच नेतो, म्हंजी परत परत यायचा ताप न्हाई.” आणि यशीच्या गालाला हात लावून म्हणाला, “धाब्यावर टीव्ही बसवलाय गं. ये की बघायला. ऐतवारी लई गर्दी असती.”

पुढच्या सोमवारी विमल औरंगाबादला जाणार होती. नर्सच्या शिक्षणाला नाव लागलं होतं, राहायला वसतिगृह होतं, फाटकावर पहारेकरी होता. एकदा ती तिथं पोचली की मग बळीरामचा बाप आला तरी भीती नव्हती. मधे हा एवढा आठवडा काढायचा होता. आणि नेमकं याच आठवड्यात शाळेनं टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमासाठी मुलं निवडली. शोभाबाईनं यशीला ताप आहे म्हणून निरोप धाडला, तर सिद्धप्पा मास्तर तब्येत बघायला घरापर्यंत आले. मास्तर रोज घरात यायला लागले तर ते निराळंच संकट. शेवटी हो म्हणावं लागलं.

पिराजी विजेच्या खात्यात लाइनमन होता. काल जेवताना तो म्हणाला होता, “सांजच्याला लाइनच घालवू का?”

“आपली घालवशील. हुमनाबादची जाती व्हय त्यानं?”

तो हसला होता, पण घास तोंडात तसाच राहिला होता.

बाहेर सिद्धप्पा मास्तरांची हाक आली. यशी उठली, आजीच्या पाया पडली, आणि सवयीनं आतल्या दाराकडं वळली. मग थबकली. दाराकडं न बघता ती तशीच बाहेर पडली. लेकरू शिकत होतं. शोभाबाईला ते बघून बरं वाटायच्या ऐवजी रडूच आलं.

*

वीजखात्याच्या क्वार्टर्समध्ये टीव्ही एकच होता, हेडक्लार्क अच्युतरावांकडं. पिराजीची दोन खोल्यांची क्वार्टर आणि अच्युतरावांची मोठी क्वार्टर पाठीला पाठ लावून होत्या, मधे एकच भिंत. पण जायचं तर अख्ख्या ओळीला वळसा घालून जावं लागायचं. सहा वाजायच्या आत तिथली शहाबादी फरशी माणसांनी भरून गेली होती. शोभाबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्यालगत बसली. आत सरक असं तिला कुणी म्हणत नसे, आणि बाहेर बस असंही नाही.

इंदुताई, अच्युतरावांची बायको, टीव्हीच्या लाकडी पेटीची सरकती दारं उघडत होत्या. पूर्वी ही पेटी रस्त्याकडच्या खिडकीजवळ असायची. खिडकीतून पडद्यावर ऊन येतं, असं म्हणून इंदुताईंनी ती मागच्या भिंतीला नेऊन ठेवली होती. वयोमानानं त्यांना ऐकायलाही कमी यायला लागलं होतं म्हणे, त्यामुळं आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलेलं असायचं. अच्युतराव कानावर हात ठेवून बातम्या बघायचे.

“आज आपली यशी हं!” इंदुताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून शोभाबाईकडं पाहिलं. तिनं हसल्यासारखं केलं. पुढच्या रांगेत जीपचा ड्रायव्हर गुरप्पा पसरून बसला होता. साहेबांना घेऊन तो आठवड्यातून दोनदा हुमनाबादेला जायचा आणि बळीरामच्या धाब्यावर जेवायचा. त्याची पाठ बघून शोभाबाईनं पदर पुढं ओढला.

“लाइट जाऊ दे,” ती ओठातल्या ओठात पुटपुटली. “न्हाईतर ती पाटी तरी लागू दे, व्यत्ययाची.”

टीव्हीजवळ उभ्या असलेल्या इंदुताईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडं वळल्या.

पडद्यावर मुंग्या आल्या, त्या निवळल्या, आणि रत्नक्का दिसायला लागल्या.

रत्नक्कांचा चेहरा लोकांना तसा अलीकडचा. ओळखीचा होता तो आवाज. एक अख्खी पिढी पंचायतीच्या रेडिओपुढं धुळीत मांडी घालून त्या आवाजावर वाढली होती. विमलही त्यातलीच. चौथीत असताना तिनं पाठवलेलं पोस्टकार्ड रत्नक्कांनी वाचलं होतं, तिचं नाव घेऊन. त्या दिवशी ती गल्लीतून अशी मिरवली होती की कोंडाबाईनं तिची दृष्ट काढली होती. मग गुलबर्ग्यात टीव्ही आला आणि रेडिओवरची माणसं उचलून कॅमेऱ्यापुढं बसवली गेली. बोलता येणारी माणसं दुसरी आणणार कुठून?

चेहरा आला, पण सवयी रेडिओच्याच राहिल्या. कागद वाजू नये म्हणून त्या तो दोन बोटांत धरून अलगद उचलायच्या. हातात बांगडी नसायची, कारण माइकपुढं बांगडी किणकिणते. पहिल्या दिवशी बायकांनी ते बोडके हात बघून केवढी हळहळ केली होती, बिचारीचा नवरा कधी गेला म्हणून. आणि गंमत म्हणजे पडद्यावर धडधडीत दिसणारी गोष्टही त्या सांगत बसायच्या. “आता मी पेटी उघडते हं. पेटीत एक मातीचा बैल आहे. त्याचं डावं शिंग मोडलंय.” अच्युतराव दर वेळी म्हणायचे, “दिसतंय हो बाई, आंधळे नाही आम्ही.” पुढं रंगीत टीव्ही आले, ढिगानं कार्यक्रम आले. पण या क्वार्टर्समधली मुलं मोठी होऊन कुठं भेटली की बोलायची ती त्या मोडक्या शिंगाबद्दल.

आणि त्या मधे कधी थांबायच्या नाहीत. रेडिओवर क्षणभर गप्प बसलं तर माणूस सुई फिरवून दुसरीकडं जातो, ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली. एखादं पोर अडखळलं की त्याच्या तोंडातला शब्द स्वतःच पुरा करून त्या पुढं निघायच्या.

इतर लोक त्यांच्या या बडबडीला हसत. भिंतीपलीकडं अंधारात बसलेल्या विमलला मात्र त्या बडबडीतूनच टीव्ही दिसायचा. बैल, पेटी, मोडकं शिंग, आलेल्या मुलीच्या फ्रॉकवरचे ठिपके, सगळं. आताही ती भिंतीला कान लावून बसली असणार, हे शोभाबाईला ठाऊक होतं.

“आज माझ्याजवळ आठ पाखरं आली आहेत,” रत्नक्का कन्नडमधून सांगत होत्या. “पहिल्या पाखराच्या खिशाला पेन आहे. पेनला टोपण नाही.”

लोक हसले. पोरांमागून पोरं झाली. कुणी भात जेवलं होतं, कुणी जोंधळ्याची भाकरी. घरी अण्णा, अक्का, अज्जी, म्हैस. शोभाबाईला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती फक्त रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या दोन वेण्या बघत होती.

मग त्या वेण्या पुढं आल्या.

“आणि ही माझी शेवटची. हिनं रिबन अशी बांधलीय की चार दिवस सुटणार नाही. नाव काय गं तुझं?”

“यशोधरा पिराजी.”

त्या दोन शब्दांवरूनच रत्नक्कांनी ओळखलं की घरची भाषा मराठी आहे. त्यांनी लगेच बोलणं बदललं. त्यांच्या मराठीला कन्नड वळण होतं. “छान नाव. आज काय जेवलीस यशोधरा?”

“भाकर आन अंबाड्याची भाजी.”

“अरे व्वा! आणि घरी कोण कोण आहे?”

शोभाबाईनं उंबऱ्याचं लाकूड घट्ट धरलं. हुमनाबादेत धाब्यावर बाजा टाकून बसलेली माणसं तिला दिसली, हातात पेले, आणि त्यांच्या मधे तो. यशीला तो चेहऱ्यानं ओळखत होता. बायकोची भाची, काही परकी नव्हती. एक शब्द निघायचा अवकाश, दोन तासांत जीप दारात.

यशीनं पंजा वर धरला आणि बोटं उघडायला सुरुवात केली.

“आई,” एक. “अप्पा,” दोन. “आजी,” तीन.

चौथं बोट उघडलं. तोंडही उघडलं.

“आन...”

पुढं काही नाही. बोट वर, तोंड उघडं, आणि डोळे समोर कुठंतरी लागलेले. लेकराला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. दोन्हींच्या मधे ती उभी होती, साऱ्या जिल्ह्यासमोर.

आता रत्नक्का तोंडातला शब्द ओढून काढणार. त्यांची रीतच ती. आन? आन कोण? सांग की गं.

रत्नक्का बोलल्या नाहीत.

त्या गप्प बसल्या. टीव्हीची नुसती घरघर खोलीत भरून राहिली. एवढ्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं कुणी ऐकलं नव्हतं. अच्युतरावांनी चष्मा वर केला.

मग तो बिनबांगडीचा हात पडद्यावर आला. त्यानं यशीचा पंजा चारही बोटांसकट मिटला आणि आपल्या मुठीत घेतला.

“आणि तू!” रत्नक्का म्हणाल्या. “वेडाबाई, स्वतःलाच विसरलीस? तू धरून चार!”

खोलीत हशा पिकला. पोरं ओरडायला लागली, “तू धरून चार! तू धरून चार!” पडद्यावर यशी रत्नक्कांकडं बघत होती, आणि रत्नक्का कॅमेऱ्याकडं बघून पुढच्या गाण्याचं सांगत होत्या, जरा घाईनंच. मुठीत धरलेला हात त्यांनी सोडला नव्हता. आणि आपण मूठ धरलीय, हे तेवढं त्यांनी सांगितलं नव्हतं.

“पण पोरगी चौथं बोट ‘आन’ म्हणूनच वर केली होती की!” गुरप्पा उठून मागं वळत म्हणाला. “दुसरंच कोण तर सांगायली होती, बघा.”

“स्वतःलाच मोजायला केलं असेल,” इंदुताई म्हणाल्या. “बस तू खाली. मागच्यांना दिसेना.”

गुरप्पा बसला. गाणं सुरू झालं.

*

माणसं पांगली तरी शोभाबाईच्यानं उठवेना. इंदुताईंनी स्वयंपाकघरातून झाकण घातलेला पितळी डबा आणला आणि तिच्या हातात ठेवला. हातात. आजवर त्यांनी काही दिलं की कट्ट्यावर ठेवून दिलं होतं.

“लाडू आहेत. यशी टीव्हीवर आली म्हणून. घरातल्यांना पुरतील.”

घरी आल्यावर तिनं आधी कडी लावली. डबा चुलीजवळ ठेवून ती आतल्या खोलीत गेली. विमल भिंतीला लागूनच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

“ऐकलंस?”

“सगळं ऐकलं. वैनी, मधी काय झालं? अक्का गप बसल्या. त्या कवाच गप बसत न्हाईत.”

शोभाबाईनं आपली चार बोटं वर केली. मग दुसऱ्या हातानं ती मिटून घट्ट धरून दाखवली. विमलनं त्या मुठीकडं पाहिलं.

“चौथं बोट दिसलं व्हय टीव्हीत?”

“दिसलं.”

“त्यालाबी?”

रस्त्यावरून एक गाडी गेली. दोघी ती पार लांब जाईपर्यंत ऐकत राहिल्या.

पिराजी ड्यूटीवरून आला. त्यानं सगळ्यांचे चेहरे बघितले आणि खांद्यावरची दोरी खाली ठेवली. थोड्या वेळानं मास्तर यशीला सोडून गेले. कोंडाबाईनं तिला मांडीत ओढून घेतलं, तर ती रडायलाच लागली.

“आजी, मी खोटं बोलले का गं?”

“न्हाई माय, न्हाई.”

“मी अक्कांला नंतर कानात सांगितलं, अक्का, हिशोब चुकला म्हणून.”

पिराजी जागचा उठला. “आन? काय म्हणल्या?”

“म्हणल्या, माझं गणित लहानपणापासूनच कच्चं हाय. चूक माझी, तुझी न्हाई. आन हे कुणालाच सांगू नको म्हणल्या.” यशीनं नाक पुसलं. “अप्पा, त्यांचा हात लई गार होता. थरथरायला होता. त्या कामून भ्यायल्या होत्या?”

विमलनं डावा हात पदराखाली घेतला.

“लाडू खा गं तू,” शोभाबाई म्हणाली. “इंदुताईंनी दिल्यात तुझ्यासाठी.” तिनं डब्याचं झाकण काढलं आणि थाळीत एकेक लाडू ठेवायला लागली. आई, अप्पा, आजी, यशी. मग तिचा हात डब्यातच राहिला.

पाचवा होता.

“एखादा जास्तीचा दिला असंल,” पिराजी हळू आवाजात म्हणाला. पण तोही डब्याकडंच बघत होता.

घरातल्यांना पुरतील, असं त्या म्हणाल्या होत्या. शोभाबाईला रस्त्याकडची ती खिडकी आठवली. ती उत्तरेला होती, तिथून ऊन कसलं येतंय? टीव्हीची पेटी मागच्या भिंतीला आली, ती विमल आली त्याच महिन्यात. आणि मघाशी ती उंबऱ्यापाशी ओठातल्या ओठात पुटपुटली होती, तेव्हा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला मान कुणी वळवली होती?

भिंतीपलीकडं बातम्या लागल्या होत्या. शब्दन् शब्द इकडं येत होता.

“अगं, केवढा हा आवाज! कमी कर की जरा!” अच्युतराव ओरडले.

“ऐकू येत नाही मला!” इंदुताईंचा आवाज आला, भिंतीच्या अगदी जवळून.

रस्त्यावर पुन्हा एक गाडी आली. गाडी थांबली नाही, पुढं निघून गेली. सोमवार अजून लांब होता.

विमलनं पाचवा लाडू उचलला आणि भिंतीला पाठ टेकून बसली.